देवमाशाचे पाय

चिंचणीच्या बाजारात ती सुके बोंबील विकायची. बसायला पाटाऐवजी देवमाशाचा मणका होता, सासऱ्याला कधीतरी किनाऱ्यावर सापडलेला. बसण्याआधी ती त्याला हात लावायची आणि तो हात कपाळाला टेकवायची.

मी शाळेत विज्ञान शिकवतो; तोंड आवरत नाही. एकदा म्हणालो, "मावशी, हा मासा नव्हेच. याचे पूर्वज जमिनीवर चालायचे. कच्छात त्यांची दगड झालेली हाडं सापडलीत."

बोंबील निवडणारे तिचे हात थांबले. "कच्छात? पाय व्हते त्याला?"

"होते. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात राहून गेले."

"पाय व्हते, मंग परत का नाय आला?"

पाण्यात खायला मुबलक होतं वगैरे मी उत्साहानं सांगू लागलो. शेजारच्या बाईनं मला डोळ्यांनी दटावलं. नंतर तिच्याकडूनच कळलं, हिचा नवरा कच्छकडच्या बोटीवर खलाशी होता. बोट परतली, तो नाही.

पुढच्या बाजाराला ती जमिनीवर बसली होती. मणका शेजारी, धुतलेल्या गोणपाटावर.

तीच म्हणाली, "मास्तर, पाय व्हते म्हंजे कुणाच्या तरी घरचा व्हता. त्याच्यावर कशी बसू?"