बिडाचं पेडल

"बोला पावणं," असं म्हणून अण्णा हातोडीचा एक हलका टोला द्यायचे आणि डोळे मिटून मान तिरकी करायचे. पाहुणा म्हणजे साखळीला टांगलेला ब्रेक ड्रम असायचा, ट्रकच्या चाकात बसतो तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड गोल. चांगला ड्रम टोला खाल्ला की देवळातल्या घंटेसारखा लांबवर वाजतो. आत कुठं बारीक तडा असला तर आवाज फुटका येतो आणि लगेच मरतो. लांब वाजला की ते त्याच्यावर खडूनं पांढरी टिकली करायचे, फुटका वाजला की तांबडी फुली. "ह्यो खोटं बोलतोय," एवढा शेरा मारून पुढच्या पाहुण्याकडे वळायचे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी डिस्पॅचला आहे. पांढरी टिकली पडलेला माल माझ्याकडे येतो आणि मी तो गाडीत चढवून देते. त्यामुळे टिकली करणाऱ्या माणसाशी माझी रोजची गाठ. मालकापासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते मूळचे सीमेकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, छापलेलं नाव बघून ते माझ्यावर दोन्ही भाषांत चिडतील.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी कामावर एक दिसतात आणि घरी भलतीच निघतात. अण्णांचं घर उचगावात. त्यांच्या नातवाच्या बारशाला मी पहिल्यांदा गेले, तर मागच्या खोलीतून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं काहीतरी पडलं, कुणाला तरी लागलं. मी धावले. आत धोतर नेसलेले, कपाळावर भस्म लावलेले अण्णा मांडीवर काळी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसले होते आणि पायानं एक डबी दाबत होते.

"ये, ये. बस. आत्ताच तापलंय," म्हणाले.

ती डबी म्हणजे पेडल. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. गिटारची वायर तिच्यात घालायची, तिच्यातून दुसरी वायर स्पीकरला. पायानं बटन दाबलं की तारेचा सरळ, गोड आवाज फाटतो, फुगतो, गुरगुरायला लागतो आणि संपता संपत नाही. तरुणपणी अण्णा वरातीत बॅन्जो वाजवायचे. ती पार्टी मोडली, बॅन्जो गेला, गिटार आली आणि गिटारीमागून ही पेडलं आली. सगळी ऑनलाइन मागवलेली, स्वस्तातली. कुणावर कवटीचं चित्र, कुणावर वीज, कुणावर शिंगं असलेलं तोंड. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, त्या पेडलांना 'ह्यांची राक्षसं' म्हणत. रोज सकाळी देव पुसून झाले की त्याच फडक्यानं राक्षसंही पुसत.

"अण्णा, एखादं चांगलं भारीतलं का घेत नाही?" मी विचारलं.

"भारीतलं आवाज गाळून देतंय गं. लई सभ्य असतंय. स्वस्तातलं आपल्यागत हाय. आत जे हाय ते समदं भायेर." त्यांनी एक गोल बटन पार उजवीकडं पिरगाळलं. खिडकीची तावदानं थरथरली आणि पाळण्यातला नातू, ज्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं, खुदकन हसला.

दिवसभर फुटका आवाज शोधून त्यावर फुली मारणारा माणूस संध्याकाळी हौसेनं फुटका आवाज काढत बसतो, याचं मला फार नवल वाटलं. तसं मी म्हटलंही.

"दिवसभर त्येला हाकलतोय न्हवं?" अण्णा म्हणाले, "मग सांजचं घरी बोलवून च्या पाजायला नको?"

शेजारी एका गवळ्याचा गोठा होता. त्यानं एकदा येऊन सांगितलं की तुमच्या आवाजानं म्हैस दूध चोरते. अण्णा गिटार तशीच गळ्यात अडकवून गोठ्यात गेले, म्हशीपुढं उभे राहिले, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि परत आले. "तिची काय तक्रार न्हाय. मालकाचीच हाय," असा त्यांनी निकाल दिला. तरी दुसऱ्या दिवसापासून धार काढून होईपर्यंत ते गिटारला हात लावत नसत.

त्या पेडलांतलं एक प्लॅस्टिकचं होतं. सगळ्यांत फाटक्या आवाजाचं, म्हणून त्यांचं सगळ्यांत लाडकं. ते एकदा त्यांच्याच सेफ्टी बुटाखाली चिरडलं. दुसऱ्या कुणी चिकटपट्टी लावली असती. अण्णा फौंड्रीतले. त्यांनी वाळूत साचा केला, ओतकामातलं उरलेलं बीड ओतलं आणि पेडलाला बिडाची पेटी केली. भोकं पाडली, आतली कळ त्यात बसवली. ते पेडल काकूंच्या पाटा-वरवंट्याच्या तोडीचं जड झालं. "चोर आला तर चोरालाच घरी पोचवायला लागंल," अण्णा अभिमानानं म्हणाले. मी त्यावर टिचकी मारून पाहिली. त्यांनी लगेच हातोडी आणली, पेटीवर हलका टोला दिला आणि डोळे मिटले.

त्या वेळी ते जरा जास्तच वेळ डोळे मिटून राहिले होते. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

पुढं पुढं कामावर त्यांचा एक टोला पुरेना. दोन टोले, कधी तीन. टोला मारून झाला की ड्रमवर तळवा ठेवायचे. मी "चहा घेणार का?" विचारलं तर "गाडी आली व्हय?" म्हणायचे आणि आम्ही हसायचो. घरी नवं राक्षस आलं होतं, आधीच्यापेक्षा जास्त गुरगुरणारं. काकू मला म्हणाल्या, "ह्यांना आताशा साधं काय गोडच लागंना झालंय. रोज आणि तिखट, आणि तिखट."

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत अण्णा माझ्या टेबलाशी येऊन बसले. डबा उघडला नाही. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "लोखंड बोलंना झालंय गं."

लोखंड बोलायचं थांबलेलं नव्हतं, ते मला माझ्या खुर्चीत बसून रोज ऐकू येत होतं. ती पेडलांची रांग मला आठवली. एकापुढं एक, दर वेळी आणखी फाडणारं. आम्ही सगळे ती म्हाताऱ्याची हौस समजत होतो. त्यांचा कान हळूहळू मागं सरकत होता आणि ते आवाज वाढवत वाढवत त्याच्यामागं चालले होते. डॉक्टरांना दाखवूया म्हटलं, तर त्यांनी दाखवून झालं होतं. "बारीक आवाज गेले म्हणं, ते परत यायचे न्हाईत. कानाला यंत्र लावलं तर नुसता कालवा ऐकू येतोय. मला कालवा नको. मला खरं-खोटं कळाय पायजे."

त्यांच्या डोक्यात एक गोष्ट होती. गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबक असतं, तार हलली की ते आवाज पकडतं. मग लोखंड हललं तर का पकडणार नाही? पण आमची भट्टी विजेवर चालते. ती सुरू असली की गिटारमध्ये नुसतं घूंऽऽ भरतं. म्हणून मी साठा मोजायला जाणार होते त्या सुट्टीच्या दिवशी अण्णाही आले. खांद्यावर गिटार, हातात छोटा स्पीकर, आणि पिशवीत ते बिडाचं पेडल, जे रिक्षातून उतरवताना वॉचमननं उचललं आणि "काय हाय ह्यात?" म्हणून लगेच खाली ठेवलं.

बंद फौंड्री तुम्ही पाहिली नसेल. एरवी जिथं शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं, तिथं चिमण्यांची पावलं ऐकू येतात. पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली उतरलं होतं आणि त्या उन्हात काळी धूळ अगदी सावकाश तरंगत होती. वाळूचे ढीग गार पडून होते. पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं मला, आणि अण्णाही हळूच पावलं टाकत होते.

त्यांनी गिटारच्या तारांखाली रुमाल कोंबला म्हणजे तारा गप्प राहतील. गिटार माझ्या हातात देऊन ड्रमच्या अगदी जवळ धरायला लावली. पायानं पेडल दाबलं. मग टोला दिला.

ड्रम गायला लागला. खरंच सांगते, दुसरा शब्द मला सापडत नाही. आधी घोगरा, मग भरत जाणारा, कुणीतरी खोल विहिरीतून एकच स्वर लावून धरावा तसा. तो संपेना. पत्रे गुणगुणायला लागले, चिमण्या उडाल्या. अण्णांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं.

"बोलला! बोलला की गं!"

त्यांनी दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. फुली मारलेल्यांतला एक वाजवला, तो खर्र करून विझला, आणि अण्णा लहान मुलासारखे हसले. "खोटारडा!" ते एका ड्रमकडून दुसऱ्याकडं जात होते आणि मी गिटार धरून त्यांच्यामागं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत चढायचा पांढऱ्या टिकलीचा ढीग कोपऱ्यात होता. मजेमजेत ते त्याच्याकडं वळले. एकेक गात होता. मीही आता टोल्याआधी डोळे मिटत होते.

मग एक खर्र करून विझला.

त्यांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा तेच. त्यांनी बोट ओलं करून ती पांढरी टिकली पुसून पाहिली, जणू ती दुसऱ्या कुणी काढली असावी.

"ह्यो मी पास केलता," म्हणाले.

आम्ही सगळा ढीग तपासला. ऊन भिंतीवर चढेपर्यंत. दुसरा एकही निघाला नाही. "अण्णा, एकच तर निघाला," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, म्हणजे त्यांना ऐकू जावं.

"एकच पुरतोय की," ते म्हणाले. "ज्येच्या चाकाला लागंल त्येला."

त्यांनी त्याच्यावर तांबडी फुली केली. एवढी मोठी फुली मी त्यांना कधी काढताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मालकांकडं गेले. मालक चांगले आहेत, त्यांनी गेटवर बसायला सांगितलं. अण्णा म्हणाले, गेटवर हॉर्न तरी ऐकू यायला नको का? त्यांच्या जागी आता एक मशीन आलं आहे. ते ड्रमला टोला देतं आणि हिरवा किंवा तांबडा दिवा लावतं. चुकत नाही. पण मला त्याला चहा विचारता येत नाही आणि दुपारी जेवताना मला अजून चैन पडत नाही.

अण्णा आणि काकू आता आजऱ्याला लेकीकडं असतात. तिथं काजूच्या बागेला लागून घर आहे, आवाजाची तक्रार करायला कुणी नाही. मी फोन केला की काकू बोलतात आणि "हे मागं वाजवत बसलेत" म्हणून सांगतात.

परवा मात्र फोन अण्णांचाच आला. मी "हॅलो अण्णा, कसे आहात?" म्हणाले, तोवर त्यांनी बोलायला सुरुवातही केली होती.

"मी बोलतोय. तू बोलू नकोस, मला काय कळायचं न्हाय. नुसतं ऐक."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग गिटार सुरू झाली. हे फोन माणसाचा आवाज तेवढा ठेवतात आणि बाकीचा गोंगाट समजून पुसून टाकतात. त्यामुळे मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. थोडी गुरगुर, मग शांतता, मग कुठून तरी लांबून एक स्वर, पुन्हा शांतता. मी फोन कानाला दाबून धरला होता. कधी वाजत होतं आणि कधी नव्हतं ते मला सांगता येणार नाही. गाडीवाला बिलासाठी समोर उभा होता, त्याला मी हातानं थांबवलं.

खूप वेळानं अण्णांचा श्वास जवळ आला.

"ऐकलंस न्हवं गं?"

"ऐकलं, अण्णा!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या केबिनमधून माणसं बाहेर आली. "सगळं ऐकलं!"

पलीकडं ते थांबले. माझं बोलून होण्याइतका वेळ, अंदाजानं, त्यांनी मला दिला.

"बरं," म्हणाले. "व्हय म्हणाली असशील."