चीक पांढरा की पाण्यासारखा

वेलीला फूल असलं की बाई तिच्यापाशी थांबायच्याही नाहीत. "फूल बघून कोणीही नाव सांगेल," म्हणायच्या आणि पुढे चालू लागायच्या. त्यांना हवी असायची नुसत्या पानांची वेल, कुंपणात गुरफटलेली, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही अशी.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं भांडी आणि केर-फरशी केली. माझ्याही घरी कोणी नव्हतं. रविवारी त्या मला टेकडीवर न्यायच्या. आधी पिशवी धरायला, मग हात धरायला, आणि शेवटी शेवटी बघायला. काचबिंदूमुळे त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा.

वेल कोणत्या बाजूने वळत चढते ते बोट फिरवून बघायचं, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते चाचपायचं, पान चुरगळून वास घ्यायचा, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. एकदा एका वेलीचं पान चावायला लावलं आणि वर गुळाचा खडा दिला. गूळ मातीसारखा लागला. माझी चव कायमची गेली की काय, म्हणून मी घाबरले.

"ही बेडकी. आता अर्धा तास जगात गोड काही नाही," बाई म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "मला सवय आहे."

मी चौथी शिकलेली, त्यांच्यापुढे बोलायची नाही. विचारलं की "हो" म्हणायची. "सुमन, तुझ्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा बाभळीतून वेल सोडवणं सोपं," असं त्या म्हणायच्या.

खाणीजवळच्या कुंपणावर एक वेल होती. तिला फूल यायच्या आत दरवर्षी कोणीतरी छाटून टाकायचं. ती दुदुर्ली असावी, असं बाईंच्या मनात होतं. तरुणपणी त्यांनी ती याच टेकडीवर पाहिली होती, नंतर कधी दिसली नाही. त्यांची मुलगी त्यांना हिंजवडीला आपल्याकडे कायमचं न्यायला येणार होती. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही तिथे गेलो. बाईंनी पान चाचपलं, देठ तोडला आणि माझ्यासमोर धरला.

"चीक कसा आहे? पाण्यासारखा असेल तर हरणदोडी, ती कुठल्याही कुंपणावर असते. पांढरा आहे का?"

चीक पाण्यासारखा होता. मी म्हणाले, "हो बाई, पांढरा."

त्या तिथेच दगडावर बसल्या आणि हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "माझा एक जुना विद्यार्थी आपली दुदुर्ली बघायला येतोय. त्याला जागा दाखव."

तेव्हा मला बोलावंच लागलं. "बाई, चीक पांढरा नव्हता. पाण्यासारखा होता."



"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटून घ्यायला मी समर्थ आहे. बरं वाटेल असं बोलायला घरचे आहेत. तुला नेलं होतं ते दिसेल ते सांगायला."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही. माझाही धीर झाला नाही. रोज वाटायचं, उद्या करू. मग एक दिवस मुलीचाच फोन आला, बाई गेल्या म्हणून.

आता शेजारच्या इमारतीत काम धरलंय. तिथल्या वहिनींनी परवा नवी साडी नेसून विचारलं, "सुमनताई, कशी दिसते?" मी म्हणाले, "रंग तुम्हाला शोभत नाही." तेव्हापासून त्या मला काही विचारत नाहीत. मी आपली भांडी घासते आणि घरी येते.