डोंगरगावातलं 'ने'

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या आमच्या हॉटेलात ओरेगानो चुरला, की ते ग्रीक डोंगरगाव आठवतं. नववीत शाळा सोडलेल्या मला ज्यांनी इथं कामाला ठेवलं, ते मालक सुट्टीत मला आपल्या गावी घेऊन गेले होते. ऑलिव्हच्या झाडांतून चढ चढताना बोलता बोलता ते छाती धरून कोसळले. मी दवाखान्याच्या दाराबाहेर उभा. त्यांची म्हातारी आई रडत बाहेर आली. "ओके?" मी कसंबसं विचारलं. "ने, ने!" जर्मन माणसं नाही म्हणायला 'ने' म्हणतात. मी मटकन खालीच बसलो. तेवढ्यात आतून मालकांचा आवाज आला, "अरे गाढवा, आमच्यात 'ने' म्हणजे हो!" आजही रोज सकाळी मी त्यांना "ओके?" विचारतो. ते "ने" म्हणतात, आणि मी आधी त्यांचा चेहरा बघतो.