चढ्या भावाचं भूत

ऐरोलीतले आमचे घरमालक भेटले की तब्येत विचारत नाहीत, भुतांचे भाव सांगतात. एका बंद पडलेल्या थेटरातून आणलेली, भुताखेतांच्या आणि परग्रहवाल्यांच्या विलायती सिनेमांची जुनी पोस्टरं त्यांच्या कपाटात आहेत. तसल्याच पोस्टरांचे परदेशातले लिलाव ते मोबाइलवर बघत बसतात. घरात पिढीजात मासळीचा धंदा, त्यामुळे बोलणंही बंदरावरचं.

"आज चेटकीन चढली, उडती तबकडी आपटली. यंत्रमानवाला कोन इचारीत नाय."

पोस्टर हातात घेतलं की आधी हुंगतात, जणू ताजं आहे की नाही बघायला.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडच्या रक्तपिपासू सरदाराच्या पोस्टरचा भाव गगनाला भिडला. मी म्हटलं, "काका, आता विकून टाका." त्यांनी पोस्टर हुंगून परत कपाटात ठेवलं.

रविवारी त्यांच्या नव्या इमारतीसमोरून जात होतो. दृष्ट लागू नये म्हणून लोक राक्षसाचा मुखवटा टांगतात, तिथं काकांनी तोच सरदार खळ लावून भिंतीला चिकटवला होता. वर सुळे, खाली लिंबू-मिरची.

मी कपाळावर हात मारला. "काका, एवढं महागाचं पोस्टर!"

"मंग? स्वस्तातल्या भुताला नजर घाबरंल काय?"