लतिकाचा गुडघा

लतिका गजभियेचा मला मनापासून राग येतो, आणि इथे अमेरिकेत, सगळ्या हर्नडन गावात, कौतुकही तिचंच वाटतं. आमच्या खालच्या मजल्यावर राहते. नागपूरची. वडील पोस्टात होते, आणि लहानपणी पाहिलेला सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे गावातली टेकडी. सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीवर इथे आली तेव्हा तिशीची होती. पहिल्याच वर्षी एकटेपणाला वैतागून एका शनिवारी गाडी काढून शेनांडोआच्या डोंगरात गेली, ती मनाने अजून तिथेच आहे. सोमवारी ऑफिसात हजर असते, एवढंच.

मी देवदत्त. मूळचा पुण्याचा, वय बासष्ट, तोंड फटकळ. तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेत, आणि ते मी कोणी न विचारताही सांगतो.

दोन वर्षांपूर्वी लतिकाच्या डोक्यात आलं, की आपण रीतसर डोंगरवाटेवरची लीडर व्हायचं. इथल्या एका हायकिंग क्लबची परीक्षा असते. तिला बसायच्या आधी चाळीस दिवस डोंगरात काढल्याची नोंद लागते. त्यातले दहा दिवस स्क्रॅम्बलिंगचे, म्हणजे दोर न लावता हातापायांनी खडक चढायचे. कुठून गेलात, हवा कशी होती, सोबत कोण होतं, कुठे काय ठरवलंत आणि का, सगळं लॉगबुकात लिहायचं. नुसतं ‘मजा आली’ चालत नाही.

हिचं लॉगबुक मी एकदा चाळलं होतं. ‘धुकं. वाट चुकले. अकरा मिनिटं गेली. चूक माझी.’ अगं बाई, म्हटलं, परीक्षेच्या वहीत स्वतःच्या चुका कोण लिहितं? ती हसली आणि म्हणाली, "काका, खोटंच लिहायचं तर लॉग ठेवायचा कशाला?" अशा माणसांपुढे डोकं आपटून घ्यावं.

यंदा सप्टेंबरात घोडं अडलं. शुक्रवारी लॉगबुक द्यायचं होतं. डोंगरातले दिवस चाळीसच्या वर होते, पण स्क्रॅम्बलिंगचे नऊच. दहावा शेवटच्या रविवारी ठरला होता, तर वादळ आलं आणि ट्रेलच बंद. आता परीक्षा थेट पुढच्या वसंतात. शिवाय ऑक्टोबरात इथल्या मराठी मंडळाच्या अकरा जणी तिच्याबरोबर डोंगरात जाणार होत्या, आणि पास झाल्याशिवाय क्लब ग्रुप नेऊ देत नाही. प्रत्येकीला फोन करून तिने ट्रिप कॅन्सल केली. माझी बायको आश्लेषा त्या अकरा जणींतली एक, त्यामुळे मला घरबसल्या सगळं कळलं.

आणि मला मे महिना आठवला. मेमध्ये तिने मला एका खडकाळ डोंगरावर नेलं होतं. माथा अर्ध्या मैलावर राहिला असताना दोन दगडांच्या फटीत मला जरा दम लागला म्हणून थांबलो. थांबलो तो बराच वेळ. तिने खाली उतरून पाय कुठे ठेवायचा ते सांगितलं, मी बाहेर आलो. मग तीच म्हणाली, की काका, माझा गुडघा दुखतोय, परत फिरू या का? मी मोठ्या मनाने हो म्हटलं. पुढचे चार महिने भेटेल त्याला सांगत होतो, की पोरगी गुणी आहे, पण गुडघ्यात कच्ची. तिला मालिशचं तेलही नेऊन दिलं. तिने थँक्यू म्हणून ठेवून घेतलं.

तर म्हटलं, वेडे, मेमधला दिवस धर की! झाले दहा. माथ्याला पोचायलाच हवं असं थोडंच आहे? ती म्हणाली, "तो दिवस राहू द्या, काका." मला तिडीक आली. गुडघ्याची कसली एवढी लाज? शेवटी मीच त्या क्लबच्या परीक्षकाला, वॉल्टरला, ईमेल ठोकली. दहावा दिवस झालेला आहे, मी साक्षीदार आहे, बिचारीच्या गुडघ्याकडे दुर्लक्ष करावं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हातारा शांतपणे एकेक विचारत होता. उतरताना पुढे कोण होतं? ती, माझ्या एक पायरी खाली. बॅगा कोणाकडे? दोन्ही तिच्याकडे. उंच दगडांवरून ती कशी उतरत होती? मी म्हटलं, उड्या मारत. मग त्याने विचारलं, "तिचा कुठला गुडघा दुखत होता?"

कुठलाच नव्हता दुखत. त्या फटीत मी पाऊण तास दगडाला मिठी मारून उभा होतो, आणि ती मला किल्ल्यांबद्दल प्रश्न विचारत होती, मी बोलत राहावं म्हणून. बासष्ट वर्षांत इतकी लाज कधी वाटली नव्हती. लॉगमध्ये परत फिरायचं कारण लिहावं लागतं. खोटं ती लिहिणार नाही आणि खरं लिहिलं तर मी उघडा पडणार, म्हणून तिने अख्खा दिवसच सोडून दिला होता.

वॉल्टरला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, शुक्रवारपर्यंत तिला नोंद करू द्या, तुम्ही सही करा. मी तसाच सपाता घालून खाली गेलो आणि तिच्यापुढे लॉगबुक सरकवलं.

"लिही," म्हटलं. "मी घाबरलो होतो. खूप घाबरलो होतो."

तिने मान खाली घालून लिहिलं. ‘सोबतचा माणूस घाबरला. तो थकलेला असताना पुढे नेणं बरोबर नव्हतं. परत फिरलो.’ नाव घातलं नव्हतं. मीच पेन घेतलं, नाव घातलं आणि खाली सही केली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. माझ्याही आलं, का लपवा!

परीक्षेत ती पास झाली. ऑक्टोबरात त्या अकरा जणी आणि बारावा मी असे तिच्यामागून निघालो. आदल्या दिवशी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं, की लतिकाचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत, मेमध्ये फाटली होती ती माझी. आश्लेषाने त्यावर हसण्याची आठ चित्रं टाकली.

पहिला खडक आला तेव्हा लतिका आमच्याकडे वळली आणि म्हणाली, कोणाला भीती वाटत असेल तर आत्ताच सांगा, लाजायचं काही नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांत आधी हात वर केला तो मी.