पडवीत बांधलेली होडी

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. तिकडे पाणी म्हणजे तांब्या-तांब्याने जपून वापरायची चीज. विहिरीत वाकून बघायलाही मी भ्यायचे, आणि पोहणं तर आमच्या सात पिढ्यांत कुणाला आलं नसेल. अशी मी लग्न करून आले ती मेढ्याच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. अंगण संपलं की पाणीच पाणी. देवाला चेष्टा करायला मीच सापडले होते.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मुलगी अजून अंगावर पीत होती तेव्हा माझी बदली पलीकडच्या काठावरच्या एकशिक्षकी शाळेत झाली. त्या शाळेचे पत्रे आमच्या अंगणातून चमकताना दिसायचे, पण डोंगराला वळसा घालून चालत जायचं म्हणजे अर्धा दिवस. सरकारी लाँच होती. ती आज आली तर उद्या येईलच असं नाही. माझे इतके खाडे झाले की साहेबांनी बोलावून तोंडावर सांगितलं, "बाई, शाळेच्या गावात राहा, नाहीतर राजीनामा द्या."

त्या अनोळखी गावात एकटीने राहायचं, तर मी शाळेत असताना पोरीला बघणार कोण? ती सासूबाईंजवळ इकडेच ठेवायची, तर तिला पाजणार कोण? आणि नोकरी तरी कशी सोडायची? सांगलीत मावशीकडे राहून, तिच्या घरचं सगळं काम उपसून मी डी.एड. केलं होतं. त्या दिवसांत मी सगळ्यांवर डाफरायचे, अगदी चुलीवरच्या भाकरीवरसुद्धा.

आमचे हे तेव्हा सैन्यातून निवृत्त होऊन नुकतेच घरी आले होते. एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "होडी बांधतो. मीच तुला शाळेत सोडत जाईन. पलटणीत असताना होड्यांवर पूल बांधल्यात आमी."

"आवं, पूल बांधलेत. होड्या बांधल्यात का कवा?"

"एकच हाय गं ते!"

मदतीला आला त्यांचा लहानपणचा मित्र, गावचा सुतार. बैलगाडी करावी ती त्यानेच, असं पंचक्रोशीत म्हणायचे. होडी मात्र त्याने कधी जवळून पाहिलीही नव्हती. दोघांनी मिळून पडवी रिकामी केली, जांभळाच्या फळ्या आणल्या, कारण जांभूळ पाण्यात कुजत नाही. मग रोज ठोकाठोक सुरू. फळ्यांवर उकळतं पाणी ओतून, त्यांना जाळ दाखवून वाकवताना एकेकदा फळी काडकन मोडायची आणि मुलगी दचकून रडायला लागायची. मी तिला मांडीवर घेऊन त्या सांगाड्याकडे बघत बसायचे. ह्यात बसून मी रोज जायचं? माझा त्या लाकडावर विश्वास नव्हता आणि त्या दोघांच्या उत्साहावर त्याहून नव्हता.

होडी पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा तिची चाळणी झाली. काठावर जमलेली माणसं पोट धरून हसली. सुताराच्या ते फार जिव्हारी लागलं. त्याने होडी परत पडवीत आणवली, वाळवून कडकडीत केली आणि प्रत्येक फटीत डांबरात भिजवलेला कापूस पटाशीने आणि लाकडी मोगरीने ठासठासून भरला.

"चाकावर धाव चढवताना आवळतो तसं आवळलंय," तो घाम पुसत म्हणाला. धाव म्हणजे गाडीच्या चाकाची लोखंडी पट्टी. "आता आत केस जायचा न्हाई गड्या."

आणि खरंच, पुढे दोन दिवस होडी काठाला बांधून पाण्यात ठेवली, तर आत थेंब नाही.

सोमवारी सकाळी ह्यांचा बेत होता की आधी एकट्याने पलीकडे जाऊन यावं. पण सासूबाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन काठावर उभ्या. "नवी गाडी असू दे न्हाईतर होडी. पयल्यांदा घरची लक्ष्मी बसती. मोकळी न्ह्यायची न्हाई."

"आत्याबाई, मला पवता येत न्हाई."

"तो हाय की संगं!"

ह्यांना आईपुढे बोलता आलं नाही. मला तर चारचौघांत रडूही येईना. मुलीला सासूबाईंच्या कडेवर दिलं आणि जीव मुठीत धरून बसले.

मधोमध आलो असू. पायाखाली टक् असा आवाज झाला, मग आणखी एक. तळाची एक फळी पुढच्या बाजूने उचकटली होती आणि खालून पाणी उसळत होतं. ह्यांनी झटकन टाच त्या फळीवर दाबली.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. डबा मोकळा कर आन् पाणी उपस."

पिठलं-भाकरी पाण्यात फेकली आणि डब्याने उपसायला लागले. मी जेवढं काढत होते त्याहून जास्त आत येत होतं. पाणी घोट्यावर आलं, मग पोटऱ्यांना लागलं. एक पाय फळीवर रोवून हे वेड्यासारखे वल्हवत होते, आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. पलीकडच्या काठावर पोरं नाचत होती, "बाई आल्या! बाई आल्या!" मला फक्त एवढंच आठवत होतं की मुलीला सकाळी पाजताना घाई झाली, ती अर्धपोटी राहिली. मी मेले तर हिला कोण पाजेल, हाच एक विचार. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही.

काठ दगड मारण्याइतका जवळ आला आणि होडी खाली बसली. पण तिथे पाणी कमरेएवढंच होतं. ह्यांनी मला ओढत, जवळजवळ फरफटत चिखलात आणून टाकलं.

मी उठले, ओल्या लुगड्याने शाळा उघडली आणि हजेरी घेतली. धीर होता म्हणून नव्हे, रागाने. कुणावर राग होता ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी नशिबाने लाँच आली, आणि तिच्यातून उतरून सुतारही धावत आला. ह्यांनी ओढून चिखलात आणलेल्या होडीच्या त्या फळीवरून त्याने हात फिरवला. मग म्हणाला, "लाकूड पानी पिऊन फुगलं. म्या फुगायला जागाच ठेवली न्हाई. फळीनं खिळंच उपटलं. चाकाची सवय वो वैनी, ढिलं ठेवायला हात धजत न्हाई."

"सरपनाला घाल ती," हे म्हणाले. "आन् तू नोकरी सोड. माझ्या हातानं बुडवली असती मी तुला. पुन्हा न्हाई बसवनार." आणि लढाई बघून आलेला तो माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला.

मला त्यांची फार माया आली. पण मी म्हटलं, "भ्या मलाबी वाटतंय. पन नोकरी सोडायचं न्हाईतर पोरीला सोडून ऱ्हायचं त्याच्याहून जास्त वाटतंय. होडी नीट करा. तुमी वल्हवणार नसाल तर वल्हं माझ्याकडं द्या."

होडी लाँचवर घालून परत पडवीत आणली. सुताराने फटी मोकळ्या करून कापूस हलक्या हाताने भरला, खिळे बदलले. हे रोज एकटेच मधोमधपर्यंत जाऊन परत यायचे, पण मला पलीकडे न्यायचं नाव काढत नव्हते. शेवटी एका सकाळी मीच जाऊन होडीत बसले आणि वल्हं उचललं. हे धावत येऊन समोर बसले. एका हातात पाणी उपसायचा डबा, दुसऱ्या हाताने होडीची कड गच्च धरलेली. मी वेडीवाकडी वल्हवत होते. मधोमध आल्यावर ते हळूच म्हणाले, "माघारी फिरूया का?"

मी म्हटलं, "शाळा भरायची वेळ झालीया."