भागुजीच्या मामाचं गाव

निमगाव सावातल्या भागुजी गवंड्याला कुणी कधी गप्प बसलेलं पाहिलं नाही. भिंत बांधताना बडबड, चहा पिताना बडबड. अर्ध्या गावाची घरं त्याच्या हातची, त्यामुळं ऐकून घेण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं. पण लग्नाच्या मंडपात माइकवरून "मामा, पुढं या" अशी हाक आली, की हा बाबा हळूच उठून आचाऱ्याकडं भाजी बघायला जायचा. आता शिजणाऱ्या भाजीत काय बघायचं असतं, तुम्हीच सांगा!

कारण त्याला मामा नव्हता. म्हणजे असेल कुठंतरी, पण त्याची आई कोंडाबाई मुळात कुठली, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बापानं तिला पुण्याहून आणली, एवढंच गावाला माहीत. विचारलं की ती फटकारायची, "तुझ्या बापाच्या घरची हाय मी, आनि कुठली?" वस्तीतली पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जायची आणि अंगानं भरून, नवी चड्डी मिरवत परतायची. भागुजी तेवढे दिवस एकटाच विटीदांडू खेळायचा. पंच्याहत्तरी उलटली तरी ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. "मरायच्या आधी एकदा मामाचं गाव बघायचंय," असं म्हणताना त्याचा तो पहाडी आवाज एकदम बारीक व्हायचा.

त्याची लेक रत्ना अंगणवाडीत शिकवते. बाई जिद्दीची. तिनं मनावर घेतलं. जुन्नरच्या तहसिलात चकरा मारल्या, मोडी वाचणारा गाठला, जुनी जन्ममृत्यूची रजिस्टरं धुंडाळली. हाती काय लागलं? आजीच्या मृत्यूची नोंद, तीही नवऱ्याच्या नावानं. जन्माच्या नोंदीत तर लेकींना नावंच नाहीत. बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगी'. अहो, बापाचं नाव माहीत असतं तर तिथवर कशाला गेली असती ती! घरी येऊन तिनं पिशवी आपटली. "आप्पा, कागदात आजी एक तर कुणाची बायको, नाहीतर कुणाची आई. कुणाची लेक म्हणून नावच नाही तिचं."

भागुजी त्या दिवशी जेवला नाही.

मग गेल्या चैत्रात शेजारच्या आळीतल्या हौशीरामाची आई, साळुबाई, वारली. दुपार टळली तरी तिरडी उचलेनात. लोक कुरकुरायला लागले तसा हौशीराम म्हणाला, "माहेरचं लुगडं आल्याबिगर कसं उचलायचं, राव? मामाचा पोरगा निघालाय घेऊन." बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, ही रीत आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. भागुजीनं कितीतरी मयतांत पाहिलेली. पण त्या दिवशी त्याला एकदम आपल्या आईची मयत आठवली.

त्याच्या आईच्या मयतालाही एक माणूस आला होता की! काखेत हिरवं लुगडं. कुठले म्हणून विचारल्यावर "येडगावाहून आलोय" एवढंच म्हणाला. बाप मान खाली घालून बसलेला. भागुजी तेव्हा ऐन विशीत, रक्त तापलेलं. छप्पन साली धम्म घेतल्यापासून वस्तीनं जुन्या रीती सोडल्या होत्या. मयताला पांढरं वस्त्र, वंदना, बस्स. याला वाटलं, बापाच्या ओळखीचा असेल कुणी. पुढं होऊन हाच म्हणाला, "पावणं, आता आमच्यात हे चालत न्हाई. माघारी न्या." रीत मोडायच्या घाईत ती रीत कुणी पाळायची असते, तेवढंच नेमकं विसरला. तो माणूस लुगडं छातीशी धरून आल्या वाटेनं गेला, घोटभर पाणीसुद्धा न पिता.

"रत्ने," भागुजी म्हणाला, "माझा मामा आला व्हता गं. मीच त्याला हाकलला." आणि सगळ्यांच्या देखत तो ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, साळुबाईवर लई जीव होता. होता की, तोही होता.

रत्ना येडगावला निघाली, तर हा म्हणे, "कोणत्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?" असं म्हणून तिनं त्याला एसटीत चढवलाच.

येडगावच्या बुद्धविहाराजवळ एक गडी पाण्याची मोटर खोलून बसला होता. रत्नानं विचारलं, "मयताला नेलेलं लुगडं माघारी आणलेला कुणी होता का हो इथं?" असं कुठं रोज घडतं? त्यानं पाना खाली ठेवला. "आमचा आजा, सोमाजी. वारला तो. पर आजी हाय. तुमी कोन?" त्याचं नाव समाधान. रत्नानं सांगितलं, तसा तो त्यांना घरीच घेऊन गेला.

सोमाजीची म्हातारी, ठकूबाई, अंगणात शेंगा फोडत होती. सगळं ऐकून तिनं भागुजीला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "नाक ह्यांचंच हाय," म्हणाली. मग तिनं सांगितलं. कोंडाबाईनं पहिल्या नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्यासंगं संसार मांडला, म्हणून ठकूबाईच्या सासऱ्यानं, म्हणजे कोंडाबाईच्या बापानं, घरात तिचं नाव घेऊ दिलं नाही. भावाचा मात्र तिच्यावर जीव. ती गेल्याचं कळलं तसा तो कुणाला न विचारता निघाला होता.

भागुजीनं हात जोडले. "मामी, लुगडं मीच माघारी पाठवलं."

"ठाव हाय. घरी येऊन सांगितलं त्यांनी. म्हनले, भाचा लई तापट हाय, माझ्यावर गेलाय." म्हातारी हसली, मग तिनं डोळ्याला पदर लावला. "दर उन्हाळ्यात वाट बघायचे बघ. एवढा उशीर लावत्यात व्हय रे, बाळा?"

बाळ! शहात्तराव्या वर्षी! आयुष्यात पहिल्यांदा भागुजी गप्प बसला.

जेवणं झाली, संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली. रत्ना उठली. भागुजी मामीपाशी मांडी घालून शेंगा फोडत होता, तो काही हलेना.

"आप्पा, चला. गाडी जाईल."

"तू जा. मी मामी जा म्हनंल तवा येईन."

आणि मामी काही तसं म्हणायच्या बेतात नव्हती.